ओल्या पायांचा माणूस

मेलेल्या माणसाला काही रीतभात असावी की नाही? जिवंत माणूस संध्याकाळी कुणाच्या दारात गेला तर आधी हाक मारतो, पाय पुसतो, टोपी काढतो, आणि घरातले जेवायला बसलेत असं दिसलं तर "नंतर येतो" म्हणून आल्या पावली परत फिरतो. क्लेम ट्रेगोनिंग यातलं काहीएक करत नव्हता. एल्मा हाइनरिखने ताटात मटणाचे चॉप्स वाढले रे वाढले की फाटकाची कडी वाजायची आणि हा बाबा व्हरांड्यात येऊन उभा राहायचा. बोलणं नाही, बसणं नाही. अंगातलं नदीचं पाणी फळ्यांवर निथळू द्यायचं आणि अंधार पडला की चालू लागायचं. मागे पुसायला आहेच एल्मा.

रविवारी पास्टर सांगायचे की गेलेली माणसं देवाच्या हवाली असतात, ती माघारी येत नसतात. एल्मा मान डोलवायची. मनात म्हणायची, यांच्या व्हरांड्यात कोणी चिखल करून ठेवत नाही, म्हणून यांना असलं सुचतं.

तिला स्वतःला क्लेम दिसत नसे. दिसायचा तो मर्व्हला, तिच्या नवऱ्याला. एल्माच्या वाट्याला नुसत्या खुणा. वारा पडलेला असताना वाजणारी कडी. मग टेस कुत्री. ती जन्मली तेव्हा क्लेमला बुडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी ती उठून पायऱ्यांच्या डाव्या अंगाला जायची आणि रिकाम्या जागेपुढे शेपूट हलवत बसायची, आता कोणी टेबलाखालून हाड सरकवणार असल्यासारखी. क्लेम तसंच सरकवायचा, पूर्वीच्या कुत्र्याला. आणि तिसरं म्हणजे पाणी. त्या उन्हाळ्यात मरे नदी इतकी आटली होती की काठच्या झाडांची मुळं म्हाताऱ्याच्या बोटांसारखी उघडी पडली होती. भांडी धुतलेलं पाणी एल्मा टोमॅटोला घालायची. आणि इकडे व्हरांड्यात रोज दोन पावलांएवढी ओल, शेवाळाचा वास मारणारी.

कडी वाजली की मर्व्ह हातातला काटा खाली ठेवायचा. उठायचा. बाहेर जाऊन त्या ओलीसमोर उभा राहायचा, शाळेतलं पोर मास्तरापुढे उभं राहावं तसा. परत यायचा तेव्हा ताटातली चरबी गोठून पांढरी झालेली असायची. अशानं त्याचा पट्टा दोन भोकं आत आला होता. मुळात काळीज अधू. डॉक्टर म्हणाले होते, झडप बदलली तर अजून चांगली दहा वर्षं काढेल. नाही बदलली तर पुढचा उन्हाळा काही खरा नाही. ॲडलेडच्या इस्पितळात खाट ठरली होती. उद्या सकाळी त्यांचा मुलगा डीन गाडी घेऊन येणार होता.

आणि आज न्याहारीला मर्व्ह म्हणाला, "डीनला फोन कर. म्हणावं, येऊ नकोस."

"तूच कर. तोंड आहे तुला. सगळा जन्म त्याच्यावरच खाल्लंस."

"मी जाणार नाही, एल्मा."

तिने चहाची किटली खाली ठेवली. "का? भीती वाटते कापाकापीची?"

"क्लेमला काय हवंय ते कळलंय मला." तो खिडकीबाहेर बघत होता. "तो नाहीये ना. मग मीही नसायला हवं. एवढंच मागतोय तो. त्याचं बरोबर आहे."

तो कशाबद्दल बोलत होता ते एल्माला नीट ठाऊक होतं.

मर्व्ह हाइनरिख म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हता. लागोपाठ सात निवडणुका जिंकलेला आमदार. एल्माची शाळा बाराव्या वर्षी सुटली, ती जर्दाळू कापायच्या छपरीत कामाला लागली. पण मतांचा अंदाज बांधायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. कुणाचं कुणाशी वाजलंय, कुणाच्या म्हाताऱ्याला मतपेटीपर्यंत गाडीतून न्यायचंय, कोण समोर हसतो आणि आत जाऊन दुसऱ्याच्या नावापुढे पहिल्या पसंतीचा आकडा घालतो, सगळं तिला पाठ. मर्व्ह भाषण करायचा, एल्मा निवडून आणायची. एकदाच त्याने तिचं ऐकलं नाही आणि जत्रेत स्पंज केकच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसला. एक बाई जिंकली, बाकीच्या सगळ्या हरल्या, आणि त्या सगळ्यांची घरं पुढच्या निवडणुकीला हातची गेली. आपल्या मतदारसंघात कुणाचा केक आणि कुणाचं बाळ उजवं ते कधी सांगायचं नाही, हा तेव्हापासूनचा एल्माचा कायदा.

क्लेम नदीपलीकडचा आमदार, दुसऱ्या पक्षाचा. विधानसभेत दोघं एकमेकांवर भुंकायचे आणि शुक्रवारी एकाच गाडीतून घरी यायचे. एल्माच्या टेबलावर जेवून क्लेम तराफ्याने पलीकडे जायचा. तेव्हा पूल नव्हता. तारेवर ओढला जाणारा सरकारी तराफा, त्यावर गाडी चढवायची आणि पलीकडे टर्नर्स बेंडला उतरायचं. क्लेमचं घर तिथे.

विधानसभेत एक रीत होती, कायद्यात कुठे न लिहिलेली. एका बाजूच्या माणसाच्या घरी आजारपण आलं, मयत झाली, आणि त्याला मतदान सोडून जावं लागलं, तर दुसऱ्या बाजूचा एकजण त्याच्यासाठी आपलं मत बाजूला ठेवायचा. मतदानाची घंटा वाजली तरी आत जायचा नाही. तू नाहीस तर मीही नाही. म्हणजे कुणाचंच पारडं खाली जात नाही. सह्या नाहीत, साक्षीदार नाहीत. हातात हात दिला की झालं. कट्टर वैरीसुद्धा हे पाळायचे, कारण उद्या आपल्याही घरी कोणी मरणार हे प्रत्येकाला माहीत असतं.

त्या वर्षी पुलाचं विधेयक आलं होतं. मर्व्हला पूल हवा होता, वरच्या अंगाला, हमरस्त्यावर. क्लेमचं म्हणणं, पूल झाला की तराफा बंद होईल, ट्रक वरच्या वर निघून जातील आणि टर्नर्स बेंडला चिटपाखरू फिरकणार नाही. (हे त्याचं म्हणणं पुढे अक्षरशः खरं ठरलं.) मतदानाच्या दिवशी निरोप आला की क्लेमची बायको नोला ऑपरेशननंतर तापाने फणफणली आहे. मर्व्हने क्लेमच्या हातात हात दिला. म्हणाला, घरी जा गड्या, तू नाहीस तर मीही नाही.

संध्याकाळी मर्व्हच्या पक्षाचा प्रतोद त्याच्या खोलीत येऊन बसला. एक मत कमी पडतंय म्हणाला. पूल हवाय की शब्द, ते तूच ठरव म्हणाला. घंटा वाजली. मर्व्ह उठला आणि आत गेला.

विधेयक एका मताने पास झालं. त्याच रात्री क्लेम नदीत बुडाला.

त्यानंतर मर्व्ह जितकी वर्षं आमदार होता तितकी वर्षं त्याच्यासाठी समोरच्या बाजूचा एकही माणूस बाहेर थांबला नाही. कोणी तोंडावर बोललं नाही. नुसते हात खिशात राहिले. एल्माच्या आईला मातीआड केलं त्या दिवशी मर्व्ह विधानसभेत बसून अंड्यांच्या भावावर मत देत होता, कारण तो उठला असता तर त्याच्या पक्षाचं एक मत गेलं असतं. डीनचं लग्न लागलं तेव्हाही तो तिथेच. मंत्रिपदाची वेळ आली की त्याच्याच पक्षातले लोक स्वतःच्या पायांकडे बघायला लागायचे. गावात मात्र एल्मा ताठ मानेने फिरली. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "ट्रक पुलावरून जातो बाई, दिलेल्या हातावरून नाही." पुलाची फीतही तिनेच कापली.

मर्व्ह निवृत्त झाला. नवा पोरगा निवडून आला, मर्व्हची खुर्ची त्याला मिळाली, आणि त्याच आठवड्यात फाटकाची कडी पहिल्यांदा वाजली. इतकी वर्षं क्लेम जणू बाहेरच्या बाकावर बसून काम उरकायची वाट बघत होता.

न्याहारीची भांडी तशीच टाकून एल्माने टोपी घातली, गाडीची किल्ली घेतली. डीनला फोन केला नाही. पुलावरून पलीकडे गेली, मग नदीकाठच्या रस्त्याने खाली. हा पूल तिने शेकडो वेळा ओलांडला होता, पण टर्नर्स बेंडच्या फाट्याला एकदाही वळली नव्हती. बेकरीच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. पेट्रोलचा पंप गंजून वाकलेला. तराफ्याचा जुना उतार तसाच नदीत गेलेला, त्यावर गवत.

नोला ट्रेगोनिंग मागच्या ओट्यावर वाटाणे सोलत बसली होती. क्लेमच्या मातीनंतर दोघी एकमेकींशी शब्द बोलल्या नव्हत्या. नोलाने वर बघितलं आणि पुन्हा खाली.

"पाय पुसून ये," ती म्हणाली.

एल्माने पाय पुसले. "एक विचारायला आलेय. म्हणशील वेड लागलंय हिला."

"ते मी आधीपासूनच म्हणते. विचार."

"क्लेम येतो का तुझ्याकडे?"

नोलाच्या बोटांतली शेंग अर्धी उघडून थांबली. "त्याला पुरलंय मी. वर दगड असा बसवलाय की बैलजोडी लावली तरी हलायचा नाही."

"आमच्याकडे येतो. रोज, जेवणाच्या वेळेला."

नोला हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. अर्धी शेंग सोलून पुरी केली. मग म्हणाली, "उभा कुठे राहतो?"

"पायऱ्यांच्या डाव्या अंगाला."

"म्हणजे दाराकडे चांगला कान. दुसऱ्याने त्याला कमी ऐकू यायचं." तिने वाटाणे भांड्यात टाकले. "ओला असतो?"

"ओला असतो."

नोला उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात एक जाड निळा टॉवेल होता, घडीवर घडी पडून कडा विरलेला. तो एल्मापुढे धरला, आणि एल्माने हात पुढे करताच मागे घेतला.

"नाही," नोला म्हणाली. "हा इथेच राहू दे. हवा असेल तर इथे येईल घ्यायला." टॉवेल मांडीवर घेऊन बसली. "पुढच्या ओट्यावरचा दिवा बघितलास येताना? दिवसाही चालू असतो. बुडाला त्या दिवसापासून मी तो मालवला नाही. वाटायचं, धुक्यात वाट सापडत नसेल बिचाऱ्याला. म्हणजे वाट चांगली सापडते. फक्त इकडची नाही."

"तो कसा गेला घरातून, त्या संध्याकाळी?"

"कसा म्हणजे? रेडिओवर बातमी लागली. एका मताने पास. हा उठला, कोट चढवला. मी म्हटलं, उद्या जा. माझ्या अंगाची नुसती भट्टी झाली होती, एल्मा. म्हणाला, आत्ताच्या आत्ता शहर गाठून मर्व्हला तोंडावर विचारल्याशिवाय मला झोप लागायची नाही. मी म्हटलं, निदान पाणी दे आणि जा. पाणी दिलं. गेला." नोलाने टॉवेलची कड सरळ केली. "इतकी घाई की ग्लास माझ्या हाताला लागेल असाही ठेवला नाही. सकाळपर्यंत मला तो दिसत होता आणि घेता येत नव्हता."

पुढचं एल्माला माहीत होतं, सगळ्या नदीला माहीत होतं. तराफ्यावर जन्म काढलेला माणूस पाण्याकडे बघत नाही, तराफ्याच्या दिव्याकडे बघतो. दिवा समोर दिसला की गाडी पुढे घालायची, हे पायालाच पाठ असतं. त्या रात्री धुकं होतं. तराफा पलीकडच्या काठाला होता आणि त्याचा दिवा धुक्यात हातभर अंतरावर असल्यासारखा वाटत होता. क्लेमने थांबून खाली बघितलंच नाही. रागावलेला माणूस खाली बघत नसतो.

"कधी म्हणून माझ्याजवळ बसला नाही," नोला म्हणाली. "अधिवेशन, बैठका, तुमचा मर्व्ह. त्या दिवशी पहिल्यांदा बसला होता. तेवढंही जमलं नाही त्याला." एल्मा निघाली तशी ती मागून बोलली, "त्याला म्हणावं—" आणि थांबली. "जाऊ दे. तुझ्या तोंडाला कोणी शिकवायला नको."

एल्मा परत आली तेव्हा मर्व्ह व्हरांड्यात बसला होता. सकाळपासून तिथेच असावा.

"कुठे गेली होतीस?"

"पलीकडे."

"डीनला फोन केलास?"

"बटाटे सोलायचेत मला," ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी तिने एकच ताट वाढलं. स्वतः बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून, एप्रनला हात पुसत उभी राहिली. बाहेर गुलाबी काकाकुव्यांचा थवा तारांवरून कलकलत उठला आणि गेला, आणि त्यानंतर काहीच हललं नाही. मग कडी वाजली. टेस उठली. मर्व्हने काटा खाली ठेवला.

"बस," एल्मा म्हणाली.

"एल्मा, तो आलाय."

"आलाय ते मलाही ऐकू येतं. आज तुझ्याकडे नाही, माझ्याकडे आलाय. चॉप खा."

ती बाहेर गेली. इतक्या दिवसांत ती त्या वेळेला कधी व्हरांड्यात आली नव्हती. आतूनच ऐकायची आणि सकाळी फडकं घेऊन यायची. आता तिच्या डोळ्यांदेखत कोरड्या फळीवर एक थेंब पडला. मग दुसरा. फळी काळी होत गेली, एका पावलाएवढी, मग दोन. वरून काही पडत नव्हतं. माणसाच्या उंचीवर, जिथे चेहरा असायला हवा तिथे, हवा नदीतळासारखी गार होती. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मर्व्ह दारात येऊन थांबला. तिने मागे बघितलं नाही. तिने कठडा धरला आणि क्लेमच्या चांगल्या कानाला ऐकू जाईल इतकी जवळ गेली.

"क्लेम, टोपी काढायची तुला सवय राहिली नाही, ते सोडून देते. आता माझं ऐक, कारण या घरात शेवटचा शब्द माझा असतो, तुला माहीत आहे. मर्व्हने शब्द मोडला. नीच काम केलं. पूल आहे म्हणून ते कमी नीच होत नाही, आणि हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, तुलाच म्हणतेय. पण तू त्याची गैरहजेरी मागायला आला असशील तर त्याच्याकडे ती शिल्लक नाही. ती माझ्याकडून वसूल झाली. माझी आई पुरली तेव्हा तो नव्हता, पोराचं लग्न लागलं तेव्हा नव्हता. तुझ्या नावाने तो जन्मभर त्या बाकावर बसून राहिला. आणखी द्यायला मी बांधील नाही. उद्या तो डॉक्टरकडे जाणार, आणि मी त्याच्या शेजारी बसणार.

"आता तुझं. तुला घरी कशाला पाठवलं होतं? बायकोपाशी बसायला. बसलास? एका मताचा राग तुला तिच्या तापापेक्षा मोठा वाटला. ग्लाससुद्धा हाताशी ठेवला नाहीस. याने एका मतासाठी तुला टाकलं, तू एका मतासाठी तिला टाकलंस. तुम्ही दोघं एकाच कापडाचे आहात आणि म्हणूनच तुमचं इतकं जमायचं. याच्या दारात उभं राहून तुला न्याय मिळायचा नाही. ती तिकडे दिवा लावून बसली आहे. टॉवेल काढून ठेवलाय, निळा, तुझाच असेल. मी हात पुढे केला तरी दिला नाही, म्हणाली त्यानेच यावं. तेव्हा जा. वरच्या अंगाने जा, थोडं लांब पडेल, पण आता तिथे पूल आहे. पाय भिजायचे नाहीत."